किल्लीबाबाची कण्हणारी गाडी

गाडीचं दार उघडलं आणि मेलेला पैलवान कण्हला.

निदान धुलाई कारखान्याच्या आवारात जमलेल्या गर्दीने तरी तेच ऐकलं. किल्ली गाडीत नव्हती. ती किल्लीबाबाच्या दोन बोटांत लटकत होती आणि तो हात उंच करून सगळ्यांना दाखवत होता. इंजिन बंद, आत चिटपाखरू नाही, तरी दार उघडताच गाडीच्या पोटातून 'घूंऽऽ' असा घुसमटलेला आवाज आला, दोन श्वास टिकला आणि विरला. पुढची माणसं मागच्यांच्या पायांवर पडली. एक बाई "अगं आई गं!" म्हणत मटकन खाली बसली.

"ऐकलंत?" किल्लीबाबा म्हणाला. अंगात लांब करडा कोट, गळ्यात पन्नासेक जुन्या किल्ल्यांची माळ. "तोच आहे. गिअरमध्ये अडकलाय बिचारा. पुढे जाता येत नाही, मागे येता येत नाही. न्यूट्रलमध्ये तळमळतोय!"

"परत उघडा ना दार," मागून कोणीतरी म्हणालं.

त्याने दार लावलं, परत उघडलं. आवाज आला नाही. पण बाबा गडबडतोय कसला! "अरे, मेलेल्या माणसाला दम तरी खाऊ द्या," तो म्हणाला, आणि लोकांनी माना डोलावल्या.

एरवी मी पोट धरून हसले असते. पण त्याच्या दुसऱ्या हातात कपडे खंगाळायच्या नळाचा रबरी पाइप होता आणि त्या पाइपाचे वळ माझ्या धाकट्या बहिणीच्या पाठीवर उठले होते. तिला माल चढवायच्या मागच्या फलाटाच्या लोखंडी खांबाला चादरीच्या पिळाने बांधलं होतं. डावा हात भलत्याच कोनात लोंबत होता. मी फाटकातून आत शिरले तेव्हा पहिल्यांदा मला तो हात दिसला.

मी ड्रायव्हिंग शिकवते. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून आयुष्य गेलं, त्यामुळे आवाज मोठा आहे आणि तोंड त्याहून मोठं. ओळखीचे मला मास्तरीण म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. त्या सकाळी इस्त्री खात्यातल्या एका बाईचा रडत फोन आला, "ताई, धाकटीला मारतायत, लवकर या," तेव्हा मी शिकाऊ मुलीला भर चौकात गाडीसकट सोडून रिक्षा पकडली होती.

झालं होतं ते असं. हा कारखाना इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुतो. धाकटी तिथे इस्त्रीच्या रोलरवर काम करते. पैलवान गाठोडी गाडीत चढवायचा. माणूस वाईट नव्हता, पण अंगात मस्ती फार. एक दिवस त्याने तिच्या इस्त्री केलेल्या चादरींवर ओलं गाठोडं टाकलं आणि वर हसला. धाकटी पडली माझीच बहीण. सगळ्या खात्यासमोर ओरडली, "मर मेल्या, त्या गाडीखाली!"

दुसऱ्या दिवशी पैलवान गाडी आणि फलाट यांच्या मधे चिरडला. गाडी उतारावरून मागे आली, तो पाठमोरा होता. बरगड्या मोडल्याचा आवाज इस्त्री खात्यापर्यंत आला, असं सांगतात. गाडी पुढे घेतली तेव्हा तो बसल्यासारखा खाली सरकला आणि त्याच्या तोंडातून रक्त धुतलेल्या चादरींवर सांडत राहिलं. फलाटाच्या सिमेंटवर तो डाग अजून होता. धाकटीला बांधलं होतं ते बरोबर त्या डागावर.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, झालं! गाडी का आली, कशी आली, कोण चालवत होतं, काही कोणी विचारलं नाही. सगळ्यांना तेवढं एक वाक्य आठवलं. आणि मॅनेजरला तर भूत फारच सोयीचं पडलं. माणसाची चूक असली की चौकशी होते. भुताच्या चौकशीला कोण येतंय? त्यानेच किल्लीबाबाला बोलावलं. यंत्रात अडकलेले आत्मे सोडवण्यात हा बाबा म्हणे पटाईत होता.

"सोडा तिला!" मी ओरडले आणि उतारावर धावले.

दोघांनी मला दंडांना धरलं. मी एकाच्या नडगीवर लाथ घातली, तो "आई गं" करून वाकला, पण दुसऱ्याने माझे केस मुठीत धरले. मी फोन काढला तर मॅनेजरने तो हिसकावून जमिनीवर आपटला आणि बुटाच्या टाचेने चेचला. "बाई, कारखान्याचा आतला मामला आहे," तो म्हणाला.

"आतला मामला? पोरीचा हात मोडलाय, मेल्या! कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही, आणि तिच्या शिवीने पैलवान मेला होय?"

मग पैलवानाची बायको पुढे आली. कित्येक रात्री न झोपलेले डोळे. तिने बाबाच्या हातातला पाइप घेतला आणि त्याचं पितळी तोंड माझ्या तोंडावर हाणलं. एक दात जिभेवर आला. मी तो थुंकले.

"माझा माणूस गेलाय," ती म्हणाली. "तुझी बहीण अजून श्वास घेतेय."

मी मान वळवून धाकटीकडे पाहिलं.

"आता न्याय!" बाबाने माळ खुळखुळवली. "मी करणार नाही, तुम्ही करणार नाही. तोच करील. गाडी वर उतारावर उभी राहील. ब्रेक नाही, हँडब्रेक नाही. माझा चेला आत बसेल, दोन्ही हात खिडकीबाहेर. पोरगी निर्दोष असेल तर पैलवान गाडी धरून ठेवील. दोषी असेल तर सोडील!"

"आणि तिने कबूल केलं तर?" मॅनेजरने शिकवल्यासारखं विचारलं.

"तर गाडी थांबेल. आत्म्याला कबुली हवी असते, बाकी त्याला काय करायचंय!"

चेला आत बसला. गाडीचं तोंड वर, पाठ धाकटीकडे. इंजिन सुरू झालं, गिअर पडला, चेल्याचे दोन्ही हात खिडकीतून बाहेर आले. गाडी उतारावर उभी राहिली. खरोखर उभी राहिली, थोडी थरथरत. गर्दीतून "ओऽऽ" असा आवाज उठला. बाबा डोळे मिटून बडबडू लागला, "हे गिअरवासी, हे चक्रवासी, पहिल्यातून दुसऱ्यात जा, दुसऱ्यातून मुक्तीत जा..." हळूहळू जळका वास सुटला. लोकांनी नाकं दाबली.

"प्रेताचा वास!" बाबा ओरडला. "आला! तो आला!"

गाडीतून बारीक, कर्कश शिटी सुरू झाली. टीं टीं टीं टीं. बाया किंचाळल्या. बाबाने माळ जोरात खुळखुळवली आणि त्याच क्षणी गाडी सुटली. धाकटीने मान फिरवली. गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर कचकन थांबली.

"कबूल कर!"

"काय कबूल करू?" धाकटी रडत म्हणाली. "मी शिवी दिली. शिवीच दिली फक्त!"

गाडी परत वर गेली. परत हात बाहेर, परत बडबड, परत वास, शिटी, माळ. या वेळी गाडी थांबली ती तिच्या मांडीला लागूनच. बंपरने तिला खांबावर दाबलं. तिने जी किंकाळी फोडली, ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. गर्दीतली काही माणसं ओरडत होती, "अजून! अजून!" हीच माणसं रोज तिच्याशी गप्पा मारत घरी जायची.

गाडी तिसऱ्यांदा वर निघाली. मला कळलं की आता ही थांबणार नाही. बाबाला कबुली मिळत नव्हती आणि एवढ्या लोकांपुढे रिकाम्या हाताने परतायची त्याची तयारी नव्हती.

सगळे चेल्याच्या हातांकडे बघत होते. पण मी मास्तरीण आहे. इतकी वर्षं मी माणसांच्या हातांकडे नाही, पायांकडे बघत आले. माणूस हाताने खोटं बोलतो, पाय खरं सांगतात. चेल्याचे हात बाहेर होते, ठीक. मग इंजिन का घुरघुरत होतं? नुसत्या उभ्या गाडीचा आवाज असा नसतो. पाय ॲक्सिलरेटरवर असल्याशिवाय इंजिन असं तापत नाही. आणि माळ दरवेळी गाडी सुटण्याच्या आधी वाजत होती, नंतर नाही.

माझे केस धरणाऱ्याच्या मनगटाला मी दात लावले. उरलेले होते तेवढे पुरले. तो ओरडला, मूठ सुटली, मी उतारावर धावले आणि गाडीचं डावं दार उघडून आत झेपावले. चेल्याने हात आत घेऊन माझ्या कानशिलात ठोसा लगावला. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण माझा हात सवयीने जिथे जायचा तिथेच गेला. मी हँडब्रेक वर ओढला, पूर्ण ताकदीने, आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला.

बाहेर माळ खुळखुळली. चेल्याने सवयीने पाय उचलला.

गाडी हलली नाही.

बाबाने पुन्हा माळ हलवली. गाडी ढिम्म. बाबा नाचला, ओरडला, "ये! ये! घे तुझा सूड!" गाडी नवऱ्याकडे पाठ करून बसलेल्या बायकोसारखी बसून राहिली.

"काय रे बाबा?" मी खिडकीतून रक्त थुंकत ओरडले. "तुझा पैलवान हँडब्रेकला घाबरतो वाटतं! जिवंतपणी चार गाठोडी एका खांद्यावर न्यायचा, आणि मेल्यावर एक दांडा आवरेना?"

कोणीतरी हसलं. गर्दीत एक माणूस हसला की भुताचं अर्धं वजन कमी होतं. तरी दोघेतिघे मला ओढायला आले, आणि मला बाहेर फरफटवलंही. पण पैलवानाची बायको मधे उभी राहिली.

"थांबा," ती म्हणाली. "गाडी का आली नाही? मला हे कळायला हवं. बोल गं तू."

"मी बोलते, पण आधी तू सांग," मी म्हणाले. "हा जळका वास पैलवान गेल्यानंतर सुरू झाला की आधीपासून येत होता?"

तिने पदर नाकाशी नेला. मग हळूच म्हणाली, "आधीपासून. नव्या गाड्या आल्यापासून त्याच्या कपड्यांना यायचा. मी दोन-दोनदा धुवायची."

"मग तेव्हा कोणाचं प्रेत जळत होतं? तुझा माणूस तर घरी जेवत होता!"

बाबा पुढे आला. "बाई, हे सूक्ष्मातलं ज्ञान आहे, तुमच्या..."

"सूक्ष्मातलं ज्ञान खिशात ठेव," मी म्हणाले. "चला सगळे. दारं उघडू."

आवाराच्या कडेला तशाच नव्या तीन गाड्या रात्रीपासून बंद उभ्या होत्या. मी पहिलीचं दार उघडलं. घूंऽऽ. दुसरीचं. घूंऽऽ. तिसरीचं उघडायला मी मघाशी घाबरून मटकन बसलेल्या बाईलाच बोलावलं. तिने बोटाने दार ओढलं आणि गाडी कण्हली.

"पैलवान एकटा होता ना?" मी विचारलं. "मग चार गाड्यांत कसा कण्हतो? आणि आता परत उघडा. बघा, गप्प. दम बीम काही नाही. या गाडीला आपल्यासारखा क्लच दाबायला पाय नाही, म्हणून आत यंत्राचे हात बसवलेत. ते हात तेलाच्या दाबावर चालतात. दार उघडलं की गाडीला वाटतं, ड्रायव्हर आला, आणि छोटा पंप दाब भरून ठेवतो. तो हा आवाज. दाब भरलेला असला की पंप कशाला चालेल? थोडा वेळ जाऊ द्या, परत कण्हेल."

शेवटी, भिंतीशी, विकायला काढलेली जुनी गाडी होती. तिचंही दार मी उघडलं. काही नाही. नुसती बिजागरी करकरली.

"ही पण ऑटोमॅटिकच आहे," गर्दीतून ड्रायव्हरकाका म्हणाले. इथले सगळ्यात जुने ड्रायव्हर. अपघाताच्या दिवशी गाडी तेच चालवत होते. त्यांचा चेहरा चादरीसारखा पांढरा पडला होता.

"तिथेच तर घोळ आहे, काका. ही ऑटोमॅटिक आणि ती ऑटोमॅटिक, दोन्हींत डावा पाय मोकळा, म्हणून तुम्हाला दोन्ही एकच वाटल्या. या जुनीत इंजिन आणि चाकं यांच्या मधे घट्ट जोड नाही. तेल आहे. दोन पंखे तेलात समोरासमोर. इंजिन एक पंखा फिरवतं, तेल दुसऱ्याला ढकलतं. म्हणून गिअरमध्ये ठेवून ब्रेक सोडला तरी ती हळूच पुढे रेटत राहते. तुमच्या या बेताच्या उतारावर तो रेटा पुरतो, गाडी उभी राहते. तुम्ही तिला काय म्हणता?"

"गाडी टांगणं," काका पुटपुटले.

ही या कारखान्याची जुनी रीत होती. गाडी उलटी उतरवायची, फलाटाशी माणूस मावेल एवढी जागा ठेवायची, पुढचा गिअर टाकून ब्रेक सोडायचा, आणि पैलवानाने भरेपर्यंत गाडी टांगून आरामात बसायचं. दोन मिनिटांच्या कामाला हँडब्रेक ओढणारा तो नवशिका, असं इथे समजायचे. ओढला तर वर थट्टा व्हायची.

"आता ही नवी," मी म्हणाले. "हिच्यात ते तेलाचे पंखे नाहीत. हिचा गिअरबॉक्स हाताने गिअर टाकायच्या साध्या गाडीचाच आहे. इंजिन आणि चाकं जोडणारा तोच क्लच, त्यातली तीच चकती. फक्त तुमच्या पायाऐवजी क्लच यंत्र दाबतं आणि तुमच्या हाताऐवजी गिअर यंत्र बदलतं. म्हणून स्वस्त, म्हणून इंधन कमी पिते, म्हणून तुमच्या मॅनेजरने घेतली. आणि गिअरच्या दांड्याकडे बघा. जुनीत 'पी' होता, पार्किंगचा. नवीत तो नाहीच."

"पण नवीसुद्धा टांगून उभी राहते," काका म्हणाले. "जरासा ॲक्सिलरेटर दिला की."

"राहते ना. किती वेळ?" मी पैलवानाच्या बायकोकडे वळले. "तुझे हात दे."

तिचे तळवे मी एकमेकांवर ठेवले आणि म्हणाले, घास, दाबून घास. ती घासत राहिली. तिने झटकन हात वेगळे केले तेव्हा ते लाल झाले होते.

"क्लचची चकती तशीच घासते. उतारावर ॲक्सिलरेटरने गाडी धरून ठेवली की घासत राहते, तापते, जळते. तो वास. मग गाडी ओरडते, टीं टीं टीं, की बाबांनो, भाजतंय, ब्रेक लावा. तरी नाही लावला की ती स्वतःला वाचवायला हात सोडते. आणि मग उतार."

"खोटं!" बाबा गरजला. "दुष्ट बाई, या पापाची..."

"खोटं कसं, हिलाच बघू दे ना."

आधी मी दोन बायांना सांगून धाकटीला खांबावरून सोडवलं. आता कोणी अडवलं नाही. मग चाकांमागे थोड्या अंतरावर ओल्या चादरींची गाठोडी रचली आणि पैलवानाच्या बायकोला ड्रायव्हरच्या जागी बसवलं. जन्मात तिने गाडी चालवली नव्हती. मी शेजारी, हँडब्रेकवर हात ठेवून.

"उजवा पाय इथे. हळूच दाब. अजून. बस, तिथेच धर. आता मी दांडा सोडते."

गाडी टांगली. एका बाईच्या पायाच्या अंगठ्यावर, भुताशिवाय. ती डोळे फाडून आपल्या पायाकडे बघत होती. चकती आधीच तापलेली, त्यामुळे वास लगेच आला, आणि मग शिटी सुरू झाली. टीं टीं टीं टीं.

तिने मान वर केली. "हा आवाज," ती म्हणाली. "त्या दिवशी मी फाटकावर होते. त्याची औषधं घरी राहिली होती, ती द्यायला आले होते. आधी हा वाजला. बराच वेळ वाजला. मग तो ओरडला."

तेवढ्यात गाडीने हात सोडला. आम्ही मागे घरंगळलो, तिने किंचाळून माझा दंड धरला, आणि मी दांडा ओढला. गाडी गाठोड्यांना लागायच्या आतच थांबली.

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. "एवढंच?" ती म्हणाली. "एवढा एक दांडा ओढला असता तर?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार!

ती खाली उतरली. कोणी काही बोलायच्या आत ड्रायव्हरकाका उतारावर गुडघ्यांवर बसले. "मी टांगली होती," ते म्हणाले. "नेहमीसारखी. वाजत होती, ऐकलं मी. मी फोनवर बोलत होतो. वाटलं, नव्या गाड्या, वाजतात कशालाही. देवाशप्पथ मला वाटलं ती आपोआप गेली. मग हा बाबा म्हणाला भूत आहे, तेव्हा... तेव्हा मला बरं वाटलं गं."

गर्दी त्यांच्याकडे वळली. मी इतक्या जवळून गर्दीची मान वळताना कधी पाहिली नव्हती. तेच चेहरे, त्याच आरोळ्या, फक्त माणूस दुसरा. कोणीतरी काकांच्या पाठीत लाथ घातली. काहींनी बाबाला कोटाला धरून पाडलं, माळ तुटली, किल्ल्या उतारावरून खळखळत गेल्या. चेल्याची तर पाचावर धारण बसली. "मला कशाला मारता! हा बाबा आधी गाड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांना गाडी फिरवून दाखवायचा, यानेच शिकवलं, माळ वाजली की पाय उचल म्हणून!" तो बोंबलला. चोर ते चोर, वर एकमेकांकडे बोट.

पैलवानाच्या बायकोने पडलेला पाइप उचलला होता. ती काकांसमोर उभी होती आणि तिचा हात वर गेला होता.

मी मधे गेले. त्याच पाइपाने माझा दात गेला होता, त्यामुळे मी काही फार शूरपणे गेले नाही.

"नको," मी म्हणाले.

"का नको? यांनीच मारलं ना त्याला?"

"हो. यांच्या सवयीने मारलं. आणि त्या मॅनेजरने, ज्याने नव्या गाड्या आणल्या आणि त्या वेगळ्या आहेत हे एका शब्दाने सांगितलं नाही. ते पोलिसांना सांगू, कोर्टात सांगू, मी साक्ष देते. पण मघाशी तुझा हात असाच वर होता, तेव्हा तुला खात्री होती की माझ्या बहिणीने मारलं. तेवढीच खात्री होती ना?"

तिचा हात तसाच राहिला. खांबाजवळ बायांच्या आधाराने बसलेली धाकटी तिच्याकडे बघत होती. पैलवानाच्या बायकोने तिच्या लोंबत्या हाताकडे पाहिलं, पाठीकडे पाहिलं, आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं.

"मग मी काय करू?" ती ओरडली. "माझा माणूस मेलाय, मी काय करू?"

पाइप तिच्या हातातून गळला. ती गाड्यांकडे चालत गेली. पहिल्या गाडीत वाकून तिने हँडब्रेक ओढला. कर्रर्र. मग दुसऱ्या गाडीचा. तिसऱ्या गाडीचा. चौथीत ती बसलीच, दांडा दोन्ही हातांनी धरून, आणि मोठ्याने रडू लागली. ज्यांनी "अजून, अजून" म्हटलं होतं, ते आपापल्या चपला शोधत होते.

कोणीतरी फोन केला आणि पोलीस आले. बाबा, चेला आणि मॅनेजर एकाच गाडीतून गेले, काका दुसरीतून. धाकटीचा हात जुळला, पण वाकडा जुळला. पाठीवरचे वळ गेले नाहीत. ती त्याच कारखान्यात त्याच रोलरवर परत गेली. मी पुष्कळ नाही म्हटलं. ती म्हणाली, "ताई, मी का सोडू? मी काय केलंय?" पैलवानाची बायको आता तिथे फाटकावर काम करते. गाडी उतारावर आली की ती स्वतः खिडकीत डोकं घालून दांडा ओढलाय का बघते, आणि मगच माणसाला मागे जाऊ देते. त्या दोघी अजून एकमेकींशी बोलत नाहीत.

तुम्हाला गाड्यांतलं काही कळत नसेल तरी चालेल. मलाही विजेतलं, औषधातलं, पुष्कळ काही कळत नाही. पण उद्या तुमच्या गल्लीत काही आपोआप हललं, कण्हलं, जळालं, आणि कोणी येऊन सांगू लागला की अमकीने केलं, तर एवढं करा. आधी त्या बाईला सोडा. मग दार लावून परत उघडा. शेजारच्या गाडीचंही उघडा. आणि हात दाखवणाऱ्याच्या हातांकडे बघू नका, त्याचे पाय बघा. इतकं करायला फार शिकावं लागत नाही. त्या दिवशी आवारात जमलेल्या एकाने जरी केलं असतं, तरी माझी बहीण आज सरळ हाताने केस विंचरू शकली असती.